डिस्क नसलेलं यंत्र जागं कसं होतं

भोसरी एमआयडीसीतल्या डाय-मोल्डच्या वर्कशॉपमध्ये जुनं व्हीएमसी मशीन दिसलं, तर त्याच्या शेजारच्या टेबलाकडेही पाहावं. तिथे एक साधा कॉम्प्युटर असतो आणि त्यातून निघालेली केबल मशीनच्या कंट्रोलमध्ये गेलेली असते. ऑपरेटरला विचारलं तर तो सांगतो, "जॉब डीएनसीवर लावलाय." म्हणजे मशीन जे कापतंय त्याचा प्रोग्राम मशीनमध्ये नाही. तो शेजारच्या कॉम्प्युटरमधून ओळीओळीने येतोय. मशीन काही ओळी घेतं, तेवढं लोखंड कापतं, त्या ओळी टाकून देतं आणि पुढच्या मागतं.

असं करावं लागतं, कारण या जुन्या कंट्रोलची मेमरी फारच तोकडी. कंट्रोल बनवणाऱ्या फानुक कंपनीच्या माहितीपत्रकात ती चक्क मीटरमध्ये दिलेली असे. हा मीटर कागदी पट्टीचा. पूर्वी प्रोग्राम पट्टीवर भोकं पाडून साठवत. इंचाला दहा अक्षरं, म्हणजे मीटरला सुमारे ४००. पट्टी गेली, पण हिशेब राहिला. ३२० मीटरची मेमरी म्हणजे आजच्या भाषेत साधारण १२८ किलोबाइट. ड्रिलिंगच्या साध्या जॉबला ती पुरून उरते. पण मोल्डच्या वळणदार पृष्ठभागाचा प्रोग्राम कित्येक मेगाबाइटचा असतो. तो आत मावणार नाही, म्हणून बाहेरून पाजायचा.

केबलच्या वेगाची किंमत मात्र मोजावी लागते. ९६०० बॉडच्या तारेतून सेकंदाला नऊशेच्या आसपास अक्षरं जातात. एका ओळीत ३० अक्षरं धरली तर सेकंदाला ३० ओळी झाल्या. पृष्ठभाग गुळगुळीत यावा म्हणून प्रत्येक ओळ टूलला समजा ०.२ मिलिमीटरच पुढे नेत असेल, तर मशीन मिनिटाला ३६० मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. फीड हजारावर ठेवा नाहीतर दोन हजारावर, टूल अडखळतच चालणार, कारण पुढची ओळ पोचलेलीच नसते. आणि शेजारचा कॉम्प्युटर मध्येच हँग झाला तर टूल जागच्या जागी फिरत राहतं आणि जॉबवर डाग पडतो.

या प्रकरणाचा विषय आहे युनिक्स या कार्यप्रणालीवरची, डिस्कशिवाय चालणारी वर्कस्टेशनं. त्यांची सगळी गणितं या टेबलावर आधीच मांडलेली आहेत: यंत्राला लागणारी माहिती यंत्राबाहेर ठेवली तर काय साधतं, तारेच्या वेगावर किती अवलंबून राहावं लागतं, आणि देणारा गप्प झाला की घेणाऱ्याचं काय होतं. फरक इतकाच की व्हीएमसीचं कंट्रोल निदान स्वतःचं स्वतः सुरू होतं. त्याची कार्यप्रणाली त्याच्या पोटात कायमची कोरलेली असते. डिस्कलेस वर्कस्टेशनची कार्यप्रणालीसुद्धा दुसऱ्याच्या घरी असते. बटण दाबलं त्या क्षणी त्याला स्वतःचं नावदेखील ठाऊक नसतं.

असं यंत्र कुणाला का हवं होतं, हे समजायला १९८०च्या दशकात जावं लागेल. तेव्हा इंजिनिअरच्या टेबलावर पहिल्यांदा स्वतंत्र, ताकदवान, चित्रं दाखवू शकणारा कॉम्प्युटर येत होता. प्रोसेसर आणि पडदा हळूहळू आवाक्यात आले होते, हार्ड डिस्क मात्र नव्हती. ती महाग होती, आवाज करायची, तापायची आणि बिघडायची. तबकडीवरून फिरणारं हेड एका मायक्रोमीटरपेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं, त्यामुळे धूळ आणि हादरे हे तिचे जन्मजात शत्रू. प्रत्येक टेबलावर एक डिस्क द्यायची म्हणजे कार्यप्रणालीची तीच प्रत चाळीस ठिकाणी ठेवायची, चाळीस ठिकाणी सुधारायची आणि चाळीस ठिकाणचा बॅकअप घ्यायचा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड चेरिटन आणि विली झ्वानेपूल यांनी १९८३ मध्ये मोजमापं घेऊन दाखवलं की, डिस्क टेबलावरून काढून नेटवर्कच्या पलीकडे ठेवली तरी कामाचा वेग फारसा घटत नाही. त्या काळच्या डिस्क मुळातच इतक्या संथ होत्या की मधल्या तारेचा उशीर त्यात मुरून जाई. आदल्याच वर्षी त्याच विद्यापीठाच्या परिसरातून सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली होती. विनोद खोसला, अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय हे तिचे संस्थापक. सनने हा विचार विक्रीला आणला. १९८५च्या सुमाराचं त्यांचं 'सन ३/५०' हे यंत्र डिस्कशिवाय चालावं असंच घडवलेलं होतं. त्यात मोटोरोलाचा ६८०२० प्रोसेसर, मोठा काळा-पांढरा पडदा, ४ मेगाबाइट मेमरी आणि मागे इथरनेटची जोडणी होती.

भोसरी-पिंपरीच्या पट्ट्याशी या यंत्रांचं नातं डिझाइन ऑफिसातून येतं. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर स्थापन केलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेली इंडिका ही त्याची सगळ्यांत गाजलेली कामगिरी. ज्या वर्षांत ती गाडी आकार घेत होती, तेव्हा जगभर जड कॅड (कॉम्प्युटरवरचं डिझाइन) म्हणजे युनिक्स असंच समीकरण होतं. मोटार उद्योगाचं लाडकं कॅटिया सॉफ्टवेअर चौथ्या आवृत्तीत मुख्यतः युनिक्स वर्कस्टेशनवर चालत असे. विंडोजवर ते पाचव्या आवृत्तीत, दशक संपता संपता आलं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डीतल्या ज्या पिढीने ड्रॉइंग बोर्ड सोडून माउस हातात घेतला, तिच्या मनात 'वर्कस्टेशन' या शब्दाला म्हणूनच पीसीपेक्षा वेगळं वजन आहे.

आता एक डिस्कलेस सन वर्कस्टेशन सुरू करून पाहू. बटण दाबल्यावर बोर्डावरच्या चिपमध्ये कोरलेला छोटासा प्रोग्राम चालू होतो. त्याला फार काही येत नाही. मेमरी तपासायची, आणि इथरनेट कार्डाचा कारखान्यात दिलेला ४८ बिटांचा क्रमांक वाचायचा. सनच्या यंत्रांचा हा क्रमांक ८:०:२० ने सुरू होई आणि जुने सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर तेवढ्यावरून यंत्र ओळखत. या क्रमांकापलीकडे यंत्राकडे स्वतःची ओळख नसते. मग ते तारेवरच्या सगळ्यांना उद्देशून हाक देतं: माझा क्रमांक हा, माझा नेटवर्कचा पत्ता कुणाला माहीत आहे का? या विचारणीला रार्प म्हणतात. स्टॅनफर्डच्याच चौघांनी ती जून १९८४ मध्ये लिहून काढली. सर्व्हरवरच्या एका साध्या फाइलमध्ये क्रमांक आणि नावं जोडून लिहिलेली असतात. सर्व्हर त्यात पाहतो आणि उत्तर देतो: तुझा पत्ता १९२.९.२००.१.

इथून पुढची युक्ती मला फार आवडते. यंत्राला आता फाइल मागवायची आहे, पण फाइलचं नाव त्याला कोण सांगणार? कुणी सांगायची गरजच नाही. ते स्वतःचा पत्ता सोळाच्या पायावरच्या, म्हणजे हेक्साडेसिमल अंकांत लिहितं: सी००९सी८०१. याच नावाची फाइल सर्व्हरवर ठेवलेली असते. नव्या यंत्राची व्यवस्था लावायची म्हणजे या नावाचा एक दुवा तयार करून तो योग्य त्या बूट प्रोग्रामकडे, म्हणजे यंत्राला जागं करणाऱ्या प्रोग्रामकडे, वळवायचा.

ही फाइल येते टीएफटीपी या पद्धतीने. १९८१ मध्ये लिहिलेली ही पद्धत इतकी साधी आहे की ती चिपच्या इवल्याशा जागेत मावावी. फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत येते. एक तुकडा आला की यंत्र पोच देतं, पोच मिळाली की सर्व्हर पुढचा पाठवतो. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. वापरणाऱ्याचं नाव नाही, पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही. इतक्या साध्या रचनेतही एक खोड लपून राहिली होती. एखादी पोच वाटेत रेंगाळली की सर्व्हर तोच तुकडा पुन्हा पाठवी, यंत्र दोन्ही तुकड्यांना दोन पोचा देई, दोन पोचांना सर्व्हर पुढचा तुकडा दोनदा पाठवी, आणि तिथून फाइल संपेपर्यंत प्रत्येक गोष्ट दोनदा होत राही. फाइल शेवटी बिनचूक पोचायची, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नसे. दिसायचं ते इतकंच, की नेटवर्क उगाच भरलेलं आहे. नियम पुढे दुरुस्त झाला: दुसऱ्यांदा आलेल्या पोचेवरून तुकडा पुन्हा पाठवायचा नाही.

बूट प्रोग्राम मेमरीत आला की तो पत्त्याची विचारपूस पुन्हा पहिल्यापासून करतो आणि त्यात दोन नवे प्रश्न घालतो. पहिला प्रश्न शब्दशः 'मी कोण?' असाच आहे. उत्तरादाखल यंत्राला त्याचं नाव मिळतं. दुसरा प्रश्न: माझं मूळ फोल्डर कुठे आहे? सर्व्हर सांगतो, अमुक सर्व्हरवर तुझ्या नावाच्या फोल्डरात. ते फोल्डर तारेवरून जोडून घेऊन त्यातून युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणला जातो. कर्नल जागा झाला की तोही 'मी कोण' इथपासूनच सुरुवात करतो, कारण आधीच्या प्रोग्रामने काय शोधलं ते त्याच्या हाती येत नाही. एका सुरुवातीत यंत्राने स्वतःचा पत्ता तीनदा विचारलेला असतो. मग लॉगिनचा पडदा येतो आणि समोर बसणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

डिस्क तारेपलीकडे ठेवण्याची खरी कारागिरी मात्र एनएफएसमध्ये आहे. सनने १९८४-८५ मध्ये तयार केलेल्या या पद्धतीत सर्व्हर जाणूनबुजून काहीही लक्षात ठेवत नाही. कोणत्या यंत्राने कोणती फाइल उघडली, कुठपर्यंत वाचली, याची नोंद तो करत नाही. प्रत्येक मागणीत सगळं पुन्हा सांगायचं असतं: ही फाइल, या बाइटपासून, इतके बाइट दे. सर्व्हर मध्येच बंद पडून परत चालू झाला तरी यंत्रांना नव्याने काही करावं लागत नाही. ती तीच मागणी पुन्हापुन्हा धाडत राहतात आणि एका क्षणी उत्तर येतं. तोवर पडद्यावर एकच ओळ दिसते: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. त्या काळात युनिक्सवर काम केलेल्या कुणालाही ही ओळ पाठ असेल. सर्व्हर उठला की खाली दुसरी ओळ उमटे, 'सर्व्हर ओके', आणि ड्रॉइंग जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होई. रेष हरवलेली नसे. या एका गुणासाठी एनएफएसच्या रचनाकारांना मी फार मोठं मानतो.

फोल्डरांची मांडणीही विचारपूर्वक केलेली होती. कार्यप्रणालीचा मोठा भाग सगळ्यांना सारखाच लागतो. त्याची सर्व्हरवर एकच प्रत, आणि ती फक्त वाचण्यापुरती. प्रत्येक यंत्राची स्वतःची सेटिंग्ज, नोंदी आणि नाव एवढंच त्याच्या वेगळ्या छोट्या फोल्डरात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एकदा टाकली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी यंत्रं नव्या आवृत्तीवर उठत. खुर्ची बदलली, यंत्र बदललं, तरी माणसाच्या फाइली जिथल्या तिथे.

कच्चा दुवा होता स्वॅपचा. मेमरी अपुरी पडली की युनिक्स तिचा काही भाग डिस्कवर उतरवतो. डिस्कच नसेल तर तोही तारेवरून सर्व्हरकडे जाणार. १० मेगाबिटचं इथरनेट म्हणजे फार तर सेकंदाला सव्वा मेगाबाइट, तेही सगळ्या यंत्रांत मिळून. ४ मेगाबाइटच्या यंत्रावर दोन-तीन खिडक्या उघडल्या की मेमरीचे तुकडे तारेवरून ये-जा करू लागत आणि शेजाऱ्याचं यंत्रही मंदावे. म्हणून जड मॉडेलवर काम करणाऱ्यांसाठी मधला मार्ग निघाला: यंत्रात एक लहान डिस्क द्यायची, पण ती स्वॅपसारख्या तात्पुरत्या गोष्टींपुरती. जळली तर काहीच गमवावं लागत नाही. माझ्या मते कॅडच्या कामाला हाच मार्ग जास्त योग्य होता आणि निव्वळ डिस्कलेसचा आग्रह तिथे जरा ताणलेला होता.

आपल्या पट्ट्यात आणखी एक घटक आहे, तो म्हणजे वीज. विजेचा भार आठवड्यात वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिलेले आहेत. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला, आणि बाहेरून आलेल्या माणसाला रविवारी भरलेली कंपनी आणि गुरुवारी शांत रस्ता पाहून नवल वाटतं. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला सगळी यंत्रं एकाच वेळी चालू होतात. लाइट जाऊन परत आली तरी तेच. डिस्क असलेल्या यंत्रांना याचं काही वाटत नाही, जे ते आपापलं उठतं. डिस्कलेस यंत्रं मात्र एकाच क्षणी एकाच सर्व्हरला हाक मारतात. सर्व्हर स्वतःच अजून आपल्या डिस्क तपासत असतो, त्यामुळे पहिल्या हाकांना उत्तरच मिळत नाही. सगळी ठरलेल्या अंतराने पुन्हा हाक मारतात, पुन्हा एकाच क्षणी. या गर्दीचा विचार बूटपी नावाच्या पुढच्या पद्धतीत, सप्टेंबर १९८५ मध्ये, लिहून ठेवला गेला: प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा, आणि तो नेमका किती हे प्रत्येक यंत्राने नशिबावर सोडायचं, म्हणजे हाका आपोआप पांगतात. कारखान्यातल्या माणसांचा उपाय याहून सरळ: सर्व्हर आणि नेटवर्कची पेटी यूपीएसवर ठेवायची आणि टेबलांचे स्विच विभागाविभागाने चालू करायचे.

बूटपीने आणखी एक अडचण सोडवली. रार्पची हाक एका तारेच्या टप्प्यापलीकडे जात नसे, म्हणून प्रत्येक इमारतीत एक सर्व्हर लागे. बूटपीमध्ये राउटर ही हाक पुढच्या नेटवर्कमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवू शकतो. पत्ता, सर्व्हरचं नाव आणि फाइलचं नाव, सगळं एकाच उत्तरात येतं. पुढे याच पाकिटाचा साचा जवळपास तसाच ठेवून डीएचसीपी तयार झालं. आज घरातला फोन वायफायला जोडला की त्याला पत्ता देणारं हेच डीएचसीपी असतं.

पुण्यात, पिंपरीपासून फार लांब नाही अशा गणेशखिंड भागात, डिस्कशिवाय जागं होण्याचा आणखी एक प्रकार घडला, आणि तो वर्कस्टेशनच्या कितीतरी पुढचा होता. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तिने देशापुढे ठेवला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ट्रान्सप्युटर ही चार जोडतारा असलेली चिप. तारांनी चिप चिपला जोडत जायचं की जाळं तयार होतं. या चिपची एक पिन ठरवते की जागं कसं व्हायचं: शेजारी कोरलेल्या मेमरीतून, की जोडतारेतून. जोडतारेची निवड केली तर चिप चारही तारांवर कान देऊन बसते. ज्या तारेवर पहिला बाइट येईल तो पुढे किती बाइट येणार ते सांगतो. तो आकडा २ ते २५५ मधला असतो. तेवढे बाइट मेमरीत घ्यायचे आणि लगेच चालवायला लागायचं, एवढीच तिची जाण. म्हणून पहिला प्रोग्राम २५५ बाइटच्या आत लिहावा लागतो. तो मोठ्या प्रोग्रामला आत घेतो आणि मग तोच प्रोग्राम पुढच्या चिपला देतो. शेतात पाटाचं पाणी एक वाफा भरून पुढच्या वाफ्यात उतरतं, तसं हे जागेपण एका टोकाच्या यजमान संगणकापासून निघून जाळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातं. इथे सर्व्हरला प्रत्येकाची हाक ऐकावी लागत नाही. जो उठला तो शेजाऱ्याला उठवतो.

टेबलांवरचा डिस्कलेसपणा १९९०च्या दशकात ओसरला. डिस्क स्वस्त झाली, पीसी ताकदवान झाला आणि प्रत्येक यंत्र पुन्हा आपापली प्रत बाळगू लागलं. पण पद्धत संपली नाही. इंटेलने १९९९च्या सुमारास पीएक्सई नावाने तीच साखळी, डीएचसीपी आणि टीएफटीपी, साध्या पीसीच्या नेटवर्क कार्डात आणली. त्याच वर्षी अमेरिकेत सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने जुने पीसी डिस्क काढून चालवायला शिकवलं. आज शेकडो सर्व्हर असलेल्या संगणक-समूहांत अनेक यंत्रं नेटवर्कवरूनच उठतात, कारण शेकडो डिस्कांवरच्या प्रती एकसारख्या ठेवणं हे १९८५ इतकंच आजही जिकिरीचं आहे.

विश्वासाचा प्रश्न मात्र सुरुवातीपासून तसाच पडून होता. मी कोण, असं यंत्र सगळ्यांना विचारतं आणि जो आधी उत्तर देईल त्यावर विश्वास ठेवतं. त्याच तारेला जोडलेला कुणाचाही लॅपटॉप 'तू अमुक आहेस, ही घे तुझी कार्यप्रणाली' असं म्हणू शकतो. टीएफटीपीला पासवर्ड विचारताच येत नाही. १९८०च्या दशकात तारेला जोडलेले सगळे एकमेकांना ओळखत होते. कंत्राटी तंत्रज्ञ, यंत्रपुरवठादार आणि पाहुणे रोज येत-जात असतात अशा कारखान्यात ही गृहीतं चालत नाहीत. २०१५ मध्ये बूट फाइल एचटीटीपीवरून आणण्याची सोय यूईएफआयच्या, म्हणजे आजच्या यंत्रांना जागं करणाऱ्या प्रोग्रामच्या, नियमांत आली, त्यामुळे टीएलएसची सुरक्षित जोडणी वापरता येते. सिक्युअर बूट चालू असेल तर आलेल्या फाइलवर ओळखीची डिजिटल सही असल्याशिवाय यंत्र ती चालवत नाही. नेटवर्क बूट वापरणाऱ्या कारखान्याने या दोन्ही गोष्टी चालू ठेवाव्यात आणि बूटचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं काढावं, असं मी आग्रहाने सांगेन. नाहीतर चुकीच्या ठिकाणी खोचलेली एक केबल अख्ख्या लाइनला भलतीच कार्यप्रणाली देऊ शकते.

या पद्धतीला आज सगळ्यांत शोभणारी जागा म्हणजे चाकणसारख्या पट्ट्यातल्या जुळणीच्या लाइनवरचा पडदा, जो कामगाराला पुढच्या गाडीत कोणता भाग बसवायचा ते दाखवतो. त्यामागे पंखा नसलेली, डिस्क नसलेली लहानशी पेटी पुरते. वेल्डिंगचा धूर, प्रेसचे हादरे आणि अचानक गेलेली लाइट यांनी बिघडावं असं तिच्यात फारसं काही नसतं. पाळी चालू असताना ती बंद पडली तर दुरुस्त करत बसायचं नाही. स्टोअरमधून दुसरी आणायची, तिच्या मागच्या लेबलावरचा ४८ बिटांचा क्रमांक सर्व्हरच्या यादीत जुन्या पेटीच्या नावापुढे लिहायचा, केबल खोचायची आणि बटण दाबायचं. नवी पेटी विचारते, मी कोण, आणि सर्व्हर तिला त्या स्टेशनचं नाव सांगतो.